मावशींच्या वाटीचं माप: वाढत्या व्यवसायात कामाची पद्धत लिहून कशी काढावी

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आमच्या तळणीवरच्या मावशी गावी गेल्या. लेकीचं बाळंतपण होतं, जाणं भागच होतं. त्यांच्या जागी बसलेली मुलगी हुशार होती, दोन महिने त्यांच्याच शेजारी सोऱ्या फिरवत होती. निघताना मावशींनी तिला सगळं सांगितलं: किलो भाजणीला एक वाटी कडकडीत मोहन, पाणी उकळतं, पीठ तासभर झाकून ठेवायचं. पहिल्या दिवशीची अडतीस किलो चकली दुकानांत गेली आणि चौथ्या दिवसापासून परत यायला लागली. हात लावला की भुगा होत होता आणि पिशवी आतून तेलकट झाली होती.

मावशी परत आल्यावर मी त्यांची वाटी वजनकाट्यावर ठेवली. एका बाजूनं चेपलेली जुनी स्टीलची वाटी. तिच्यात १३० ग्रॅम तेल मावत होतं. मुलीनं घेतलेली वाटी नव्या संचातली, १८० ग्रॅमची. दोघींनी ‘एक वाटी’च घातली होती.

त्या दिवसापासून मी आमच्या कामाच्या पद्धती लिहून काढायला सुरुवात केली. मोठ्या कंपन्यांत याला एसओपी म्हणतात. आमच्याकडे ‘पान’ म्हणतात, कारण प्रत्येक काम एका पानात बसवायचं असा नियम आहे. तेव्हा आम्ही चौघी होतो, आज अकराजणी आहोत. हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांचा व्यवसाय घरातून बाहेर पडून भाड्याच्या गाळ्यात आला आहे आणि ज्यांचा फोन दिवसभर ‘ताई, हे कसं करू?’ म्हणून वाजतो आहे. उदाहरणं फराळाची आहेत, पण तुमचं शिवणकाम असो, छपाई असो की गाड्यांची दुरुस्ती, रीत हीच.

सुरुवात कशापासून करायची

सगळं लिहायला बसू नका. मी तो प्रयत्न केला, पन्नास कामांची यादी काढली आणि दोन महिने एकही पान पूर्ण झालं नाही.

त्याऐवजी एक आठवडा छोटी वही खिशात ठेवा. कोणीही तुम्हाला काही विचारलं की प्रश्न जसाच्या तसा टिपा आणि पुढे विचारणाऱ्याचं नाव. उत्तर लिहू नका. आठवड्यानंतर वही उघडलीत की दिसेल, तीन-चार प्रश्न पुन्हा पुन्हा आले आहेत. माझ्या वहीत ‘पुण्याच्या पार्सलला किती बबल रॅप?’ हा प्रश्न नऊ वेळा होता. मी त्याला कधी काम समजलेच नव्हते.

आता या प्रश्नांतून पहिली तीन कामं निवडा. निवडताना मी असं बघते: चुकलं तर गिऱ्हाईकाच्या तब्येतीला धोका आहे का? चुकलं तर माल किंवा पैसा जातो का? आणि ते काम एकाच माणसाला येतं का? तिन्हींना ‘हो’ असेल ते काम सगळ्यात आधी. आमच्याकडे ते चकलीचं मोहन आणि तळणी होतं. तुमच्याकडे कदाचित रोजचा हिशेब बंद करणं असेल.

शेजारी उभं राहून लिहा

हा टप्पा मी सगळ्यांत महत्त्वाचा मानते आणि बहुतेक लोक नेमका हाच गाळतात. मालक रात्री लॅपटॉप उघडून, आपल्याला काम कसं व्हावंसं वाटतं ते लिहितो. ते कागदावर छान दिसतं आणि सकाळी कोणी बघत नाही.

काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहा. तिला ‘सांगा’ म्हणू नका, कारण ज्याला काम उत्तम येतं त्याला ते सांगता येत नाही. मावशींना विचारलं तर त्या म्हणत, ‘अंदाजानं गं, हाताला कळतं.’ ते खरंच होतं. मग मी वजनकाटा त्यांच्या परातीजवळ नेला. त्या डब्यातून भाजणी काढायच्या, मी वजन करायची. त्या वाटी उचलायच्या, मी थांबवून वजन करायची. असे तीन दिवस. तिन्ही दिवसांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा कळलं, मावशींचा ‘अंदाज’ पाच ग्रॅमच्या आत बसतो. किती वर्षांचा हात होता तो!

मोबाईल एका डब्याला टेकवून व्हिडिओ घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. व्हिडिओत हात दिसतो, हात का थांबला ते दिसत नाही. मावशी चकली उलटायच्या आधी मान किंचित तिरकी करायच्या. मी विचारलं, ‘काय बघताय?’ म्हणाल्या, ‘बघत नाही, ऐकते. चुरचुर कमी झाली की उलटायची.’ हे एक वाक्य त्या पानावरचं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे आणि शेजारी उभी नसते तर ते मला मिळालं नसतं.

म्हणून प्रत्येक पायरीला ‘का?’ विचारा. पीठ झाकून का ठेवता? ओल्या फडक्यानं का? कारण माहीत असलेला माणूस, परिस्थिती बदलली तरी बरोबर वागतो. नुसती पायरी पाठ केलेला अडतो.

इथे एक नाजूक गोष्ट आहे. वही घेऊन शेजारी उभं राहिलं की माणसाच्या मनात येतं, ‘सगळं लिहून घेतील आणि मला काढतील.’ मावशींच्याही मनात आलं होतं, हे त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. ही भीती रास्त आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. सुरुवातीलाच स्पष्ट बोला: पान कशासाठी लिहितोय, त्यानं तुम्हाला सुट्टी घेता येईल, नव्या मुलींना शिकवण्याचं काम तुमच्याकडे येईल. आणि बोललात तर पाळा. आमच्या पानांवर खाली ‘पद्धत कोणाची’ अशी ओळ असते. चकलीच्या पानावर मावशींचं नाव आहे. नवीन मुलीला शिकवण्याच्या दिवसांचे त्यांना वेगळे पैसे मिळतात.

पान लिहिताना

एक काम, एक पान, मोठं अक्षर. एका पानात मावत नसेल तर ती दोन कामं आहेत, वेगळी करा. भाषा तीच, जी तुमच्या गाळ्यात बोलली जाते. आमच्याकडे कोणी ‘पाककृतीतील घटक’ म्हणत नाही, सामान म्हणतात. ‘घाणा’ म्हणतात तर घाणाच लिहा. हिंदी बोलणारी मुलं असतील तर तेच पान हिंदीतही करा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फोटो चिकटवा: बरोबर झालेल्या चकलीचा एक, बिघडलेलीचा एक.

काही शब्दांना मी पानावर बंदी घातली आहे: थोडं, योग्य प्रमाणात, व्यवस्थित, गरजेनुसार, लवकर. यातला एक जरी शब्द आला तर समजा, तिथे तुम्हाला स्वतःलाच माप माहीत नाही. जाऊन मोजून या.

आमचं तळणीचं पान इथे देते. आहे तसंच.

पान ४. चकली तळणे
कोणासाठी: तळणीवर बसणारी.
लागणारं: दोन नंबरची लोखंडी कढई, ५ लिटर तेल, झारा, थर्मामीटर, जाळी.
१. गॅस लावायच्या आधी कढई आणि झारा कोरड्या फडक्यानं पुसा. पाण्याचा थेंब राहिला तर तेल उडतं.
२. तेल १७५ अंशांवर आणा. थर्मामीटरचं टोक कढईच्या बुडाला टेकवू नका, आकडा जास्त दाखवतो.
३. वाटाण्याएवढा पिठाचा गोळा टाका. लगेच वर आला पाहिजे. बुडाशी बसला तर दोन मिनिटं थांबा.
४. एका घाण्याला बाराच चकल्या. जास्त टाकल्या तर तेल थंड पडतं आणि चकली तेल पिते.
५. टाकल्याबरोबर झारा लावू नका. चुरचुर कमी झाली की उलटा.
६. आच मध्यम करा. बुडबुडे जवळजवळ थांबले की काढा. नुसत्या रंगावर जाऊ नका, तिखट बदललं की रंग बदलतो.
७. जाळीवर एका थरात पसरा. ४५ मिनिटं झाल्याशिवाय आणि हाताला पूर्ण गार लागल्याशिवाय भरायला देऊ नका. वाफ आत राहिली की पिशवीत सादळते.
बरोबर झाल्याची खूण: गार चकली मोडली की टक्कन आवाज येतो, आत नळी पडलेली दिसते.
बिघडलं तर: पहिल्या घाण्यात चकली तेलात सुटायला लागली तर तळणं थांबवा, मोहन जास्त झालं आहे. कोरडी भाजणी आणि गरम पाणी घालून पुन्हा मळा, एकच चकली तळून बघा. तीही सुटली तर पीठ बाजूला ठेवा आणि फोन करा. पुढचा घाणा टाकू नका.

शेवटच्या दोन ओळी बघा, ‘खूण’ आणि ‘बिघडलं तर’. मी पाहिलेल्या बहुतेक लेखी पद्धतींत त्या नसतात. सगळं सुरळीत चाललेलं असताना पानाची फारशी गरज नसते. माणूस पान शोधतो ते काहीतरी वेगळं दिसलं म्हणून, आणि नेमकं तेव्हा पान गप्प असलं की तो तुम्हाला फोन करतो किंवा मनाला येईल ते करतो.

‘फोन करा’ हे कुठे लिहायचं, याचा विचार मात्र नीट करा. आमच्या तक्रारीच्या पानावर लिहिलं आहे: चकली तुटलेली आली असं गिऱ्हाईकानं फोटोसकट कळवलं आणि माल ५०० रुपयांच्या आतला असेल, तर कोणालाही न विचारता दिलगिरी व्यक्त करून नवीन पाठवा आणि वहीत नोंद करा. त्याच्या वर असेल तर मला विचारा. पण वास, बुरशी, केस किंवा पोटदुखी यातला एक जरी शब्द आला तर रक्कम कितीही असो, लगेच मला सांगा आणि त्या बॅचचा उरलेला माल विकायचं थांबवा. इतकं स्पष्ट लिहिल्यावर ऑर्डर घेणारी मुलगी पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर बोलायला लागली. अधिकार कुठपर्यंत आहे ते कळलं की माणूस घाबरत नाही.

काय लिहायचं नाही

हातानं शिकायच्या गोष्टी कागदावर येत नाहीत. सोऱ्यातून चकली पाडताना वेढे सैल की घट्ट, हे मी अर्धं पान भरून लिहिलं होतं आणि कोणालाही त्याचा उपयोग झाला नाही. आता तिथे एवढंच आहे: ‘दोन दिवस मावशींजवळ बसा, पन्नास चकल्या पाडा, मग तळणीला द्या.’

यात लिज्जत पापडचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं ते काम. तिथली मूळ रचना अशी की पीठ केंद्रावर मळलं जातं, भगिनी ते घरी नेऊन लाटतात आणि दुसऱ्या दिवशी पापड केंद्रावर आणून देतात, तिथे ते तपासून घेतात. म्हणजे चवीचं माप एका जागी बांधलं, लाटायचं कौशल्य हजारो हातांवर सोडलं आणि शेवटी तपासणी ठेवली. तुमच्या कामाचेही असेच तीन भाग पाडून बघा. माप असलेला भाग ग्रॅम-मिनिटांपर्यंत लिहा, हाताचा भाग माणसाजवळ बसून शिकू द्या, तपासणीची खूण लिहा.

नवख्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

पान लिहून झालं की ते काम कधीच न केलेल्या कोणाला तरी बोलवा. मी आमच्या पॅकिंगच्या मुलीला तळणीवर बसवलं. हातात फक्त पान. मी मागे स्टुलावर, तोंड बंद. उकळत्या तेलाचं काम म्हणून मावशी शेजारी होत्या, पण धोका दिसल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरलं होतं.

गप्प बसणं फार जड जातं. ती थांबली की जीभ वळवळते. बोलू नका. जिथे ती थांबली, मागे वळून बघितलं, दुसरंच भांडं उचललं, त्या प्रत्येक जागी पानावर खूण करा. तिसऱ्या पायरीला ती अडली, कारण मी ‘छोटा गोळा’ लिहिलं होतं. तिनं लिंबाएवढा घेतला. म्हणून आता ‘वाटाण्याएवढा’ आहे. चूक तिची नव्हती, पानाची होती, आणि हे तिला त्याच वेळी मोठ्यानं सांगितलं. नाहीतर पुढच्या वेळी ती अडली तरी दाखवणार नाही.

अशा दोन फेऱ्या पुरतात. माझ्या अनुभवात पहिल्या फेरीत सात-आठ जागा सापडतात, दुसरीत एक-दोन.

पान कुठे ठेवायचं

जिथे काम होतं तिथे. तळणीचं पान तळणीसमोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर, लॅमिनेट केलेलं. मूळ प्रत संगणकावर एका फोल्डरमध्ये आणि एक छापील फाईल माझ्या टेबलावर.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून मोकळं होण्याचा मोह टाळा. पहिल्या वर्षी आम्ही तेच केलं. चिवड्याच्या पानात मिठाचं माप बदललं, नवा फोटो टाकला, पण एकीनं जुना फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवला होता आणि ती मनापासून तोच बघून काम करत होती. आता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख असते. पान बदललं की भिंतीवरचं जुनं काढून मी स्वतः फाडते, आणि ते काम करणारीला बोलावून काय बदललं ते तोंडी सांगते.

भिंतीवरच्या पानाशेजारी दोरीनं पेन्सिल आणि कोरा कागद बांधून ठेवा. काम करताना काही वेगळं वाटलं की तिथेच लिहायचं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही ते कागद उतरवतो. अर्धा तास लागतो. पानात बदल करायचा की नाही हे मी आणि ते काम करणारी मिळून ठरवतो, एकट्यानं कोणी बदलायचं नाही, मीसुद्धा नाही.

ऋतूप्रमाणेही पान बदलतं. पावसाळ्यात आमच्या ७ नंबरच्या पायरीला एक ओळ वाढते: गार झाल्यावर दहा मिनिटांच्या आत सील करा, जाळीवर रात्रभर ठेवू नका. उन्हाळ्यात ती ओळ काढून टाकतो.

नोंदींची वही

पद्धत लिहिली म्हणजे ती पाळली गेली असं नसतं, म्हणून काही पानांना वही जोडलेली असते. वह्या कमीत कमी ठेवा. दिवसाला दहा ठिकाणी सह्या मागितल्या की संध्याकाळी सगळ्या एकदम होतात.

खाण्याच्या व्यवसायात बॅचची वही मात्र सोडू नका. पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक, शाकाहारी चिन्ह, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख हे सगळं छापावं लागतंच. १ जानेवारी २०२२ पासून तो १४ अंकी क्रमांक बिलावरही लागतो. पण छापलेल्या बॅच नंबरमागे वही नसेल तर तो नुसता आकडा राहतो. आमच्या वहीत एका ओळीत एवढंच असतं: बॅच नंबर, भाजणी कोणत्या दिवशी दळून आली, तेलाच्या डब्याचा नंबर, तळलं कोणी, किती किलो, कोणकोणत्या दुकानात गेलं. एखादी तक्रार आली तर पाच मिनिटांत कळलं पाहिजे की त्याच घाण्यांचा माल आणखी कुठे आहे. त्या अडतीस किलोच्या वेळी ही वही नव्हती, आणि मी दोन दिवस दुकानादुकानांत जाऊन पिशव्या उघडत होते.

तेलाचीही नोंद हवी. तळून तळून तेल बिघडत जातं तसे त्यात जे ध्रुवीय घटक (पोलर कंपाउंड्स) तयार होतात, त्यांची मर्यादा २५ टक्के आहे. १ जुलै २०१८ पासून तो नियम लागू आहे. त्यापुढचं तेल वापरायचं नाही. आमच्या तेलाच्या पानावर तेल बदलायचं कधी, याच्या खुणा लिहिल्या आहेत: फेस मुरत नाही, १७५ अंशांच्या आतच धूर येतो, तेल झाऱ्यावरून तार धरल्यासारखं गळतं. यातली एक जरी खूण दिसली की कढई रिकामी करायची, मला विचारायचं नाही. तेल महाग आहे म्हणून कोणी संकोचू नये, यासाठी ‘मला विचारायचं नाही’ हे शब्द मी मुद्दाम ठळक छापले आहेत.

आणखी एक पान, जे आम्ही फार उशिरा लिहिलं: चिवडा भरल्यावर त्याच टेबलावर चकली भरायची असेल तर आधी टेबल, वजनकाटा आणि चमचे धुऊन कोरडे करणं. चिवड्यात शेंगदाणे असतात. ज्यांना शेंगदाण्याची अॅलर्जी असते त्यांना एक कणही भोवू शकतो. तुमच्याकडे असं काही भरलं जात असेल तर हे पान पहिल्या तिनांत घ्या.

किती वेळ लागतो

एका पानाला आम्हाला साधारण एक आठवडा लागतो: तीन दिवस शेजारी उभं राहून मोजणं, एक दिवस लिहिणं, दोन दिवस नवख्याकडून करून घेणं. महिन्याला दोन पानं झाली तरी वर्षात चोवीस होतात. आमची तीन वर्षांत एकतीस झाली आहेत, आणि पार्सलचं पान पाचव्यांदा बदललं आहे, कारण खोक्यांचा पुरवठा करणाऱ्यानं मापच बदललं. गणपतीनंतर नवीन पान काढायला घेऊ नका, दिवाळीचा हंगाम सुरू होतो आणि कोणाला शेजारी उभं राहायला फुरसत नसते. जानेवारी-फेब्रुवारी आम्हाला सोयीचे पडतात.

गेल्या दिवाळीत मावशी पुन्हा गावी गेल्या, नातवाच्या जावळासाठी, आठ दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, ‘नळी पडतेय ना गं चकलीला?’ मी तळणीवरच्या मुलीकडे फोन दिला. तिनं जाळीवरची एक चकली उचलली आणि फोनजवळ धरून मोडली.